भाऊसाहेबांचं स्थळ

दैवशाला बदनापुरात एकटी राहते ही गोष्ट तिच्या नातेवाइकांना जितकी जड जायची, तितकी तिला स्वतःला कधी गेली नाही. वय एकोणचाळीस. जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कोणतं बी उगवेल आणि कोणतं उगवणार नाही हे सांगायचं, त्याचा पगार घ्यायचा, संध्याकाळच्या गाडीनं बदनापूर, स्टेशनावरून चालत घर. घर स्वतःच्या नावावर. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं भिंतीनं बंदिस्त केलेलं अंगण. अंगणात कासव.

कासवाचं नाव भाऊसाहेब. ते जमिनीवरचं, आफ्रिकेकडच्या जातीचं. विहिरीत सोडलं तर बुडून मरणारं. कंपनीतल्या एका साहेबांनी हैदराबादेहून मुलासाठी आणलं तेव्हा ते पुरीएवढं होतं. पुढं साहेबांची बदली मोठ्या शहरातल्या लहान फ्लॅटात झाली आणि तोवर कासव परातीएवढं झालं होतं. मग ते वनखात्याकडच्या नोंदीसकट दैवशालाकडं आलं. आपल्याकडचं कासव घरात ठेवणं गुन्हा, परदेशातलं नोंद करून ठेवता येतं, असा कायदा आहे. पण हे भाऊसाहेबांच्या पाठीवर कुठं लिहिलेलं नसल्यामुळं प्रत्येक पाहुण्याला नव्यानं सांगावं लागायचं. शेजारच्या बायका मात्र कायद्याच्या भानगडीत न पडता पाठीला हात लावून नमस्कार करायच्या. देवळातलं कासव जागचं हलत नाही म्हणून तिथं हे जमतं. भाऊसाहेब नमस्कार अर्धा झाला असताना निघून जायचे.

लग्नाचं काय, असं कुणी विचारलं की दैवशाला खिडकीतून अंगणाकडं बोट दाखवायची.

"ते राहतंय ना एकटं? खातंय, फिरतंय, झोपतंय. त्याला कुणी विचारतं का, तुझं पुढं कसं व्हायचं म्हणून?"

उत्तर चांगलं होतं. अडचण एवढीच, की आमच्याकडं उत्तर चांगलं निघालं की लोक प्रश्न सोडून उत्तराच्या मागं लागतात.

यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आष्टीहून तिची आई गोजरबाई आणि मामा तातेराव तिळगूळ घेऊन आले. तातेराव लग्नं जुळवायचे. परतूर तालुक्यातल्या निम्म्या जोडप्यांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं ते तातेरावांच्या खांद्यावरून. त्यांनी जुळवलेलं लग्न मोडत नाही अशी ख्याती होती. ज्यांच्यात मोडायची हिंमत दिसे त्यांना ते मुळात यादीत घेतच नसत.

तिळगूळ झाला, चहा झाला, आणि गोजरबाईंचं लक्ष अंगणाकडं गेलं. भाऊसाहेब पूर्वेकडच्या भिंतीला नाक लावून उभे होते. थोड्या वेळानं भिंतीच्या कडेकडेनं टोकापर्यंत गेले, वळले, परत आले आणि पुन्हा नाक लावून उभे राहिले. समोर ठेवलेला लसूणघास तसाच होता.

"हे काऊन असं करून राह्यलंय?"

"थंडी आहे आई. शेजाऱ्यांनी दिवाळीत वर मजला चढवला, सकाळचं ऊन अडतं. अंग गरम झालं नाही की ते खात नाही."

तातेरावांनी गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून भाऊसाहेबांना पाहिलं. उपवर मुलगा पाहताना ते असंच पाहायचे. आधी चेहरा, मग चाल.

"ऊन-बिन काय न्हाई. घास लागत न्हाई, एका जागी ठरत न्हाई, भिंतीकडं तोंड करून उभं राहतं. आक्का, आपल्या भागवतचं लग्नाआधी काय झाल्तं?"

"अगदी असंच," गोजरबाई म्हणाल्या. भागवत हा त्यांचा मुलगा, दैवशालाचा धाकटा भाऊ. "भिंतीकडं न्हाई, पण असंच."

"मंग? हा एकटेपणा आहे. जनावर बोलत न्हाई, पण लक्षणं लपत न्हाईत."

"मामा, ही जात एकटीच राहते. रानात दुसरं कासव दिसलं तर धडका मारतात एकमेकांना."

"रानातलं सोड. बदनापुरात कुठं रान आलं?" तातेराव सरळ उभे राहिले आणि आवाज जरा खाली आणला. बोलणं नक्की करायच्या वेळी त्यांचा आवाज नेहमी खाली यायचा. "तूच म्हणती ना, ते राहतंय तशी मी राहते? बरं. आपण त्याला जोडीदार आणू. पुढच्या रविवारपर्यंत ठेवू. त्याचं मन रमलं, तर मी आणीन ते स्थळ तू बघायचं. तोंड वाकडं न करता बघायचं. जमलं तर हे घर भाड्यानं द्यायचं आन नवऱ्याच्या गावी जायचं."

"आणि नाही रमलं तर?"

तातेरावांनी आयुष्यात कधी या बाजूचा विचार केला नव्हता. दैवशालानंच सांगून टाकलं.

"नाही रमलं, तर माझ्या लग्नाचा विषय बंद. तुमच्याकडून, आईकडून, भागवतकडून. कायमचा. मी या घरात राहते तशी राहीन, आणि तुम्ही मला कशी आहेस एवढंच विचाराल."

"मंजूर."

"शब्द?"

"तातेरावाचा शब्द म्हंजे शब्द. पण बघायचं कोणी? तू दिवसभर जालन्यात."

"आई बघेल. राहा आई आठवडाभर."

यावर दोन्ही पक्ष खूश झाले. आक्का आपल्या बाजूची आहे हे तातेरावांना ठाऊक होतं. आणि दैवशालाला हे ठाऊक होतं, की आईला खोटं बोलायची फार हौस, पण ते तिला आजवर एकदाही जमलेलं नाही. तिनं फक्त एक अट घातली. दोघांना मोकळं सोडायचं ते आईसमोर, आणि धडकाधडकी झाली तर मधे काहीतरी घालून बाजूला करायचं. गोजरबाईंनी स्वयंपाकघरातून बसायचा लाकडी पाट आणला.

"अंतरपाट," तातेराव समाधानानं म्हणाले.

स्थळ शोधायला त्यांना फार फिरावं लागलं नाही. जुन्या जालन्यात इनायत नावाचा कूलर दुरुस्त करणारा माणूस होता. उन्हाळ्यात त्याला देवसुद्धा भेटू शकत नव्हता आणि हिवाळ्यात तो कुणालाही भेटायला तयार असायचा. मागं दैवशालाचा कूलर बघायला आला तेव्हा भाऊसाहेबांना पाहून त्यानं पाना खाली ठेवला होता. त्याच्या घरीही याच जातीचं एक कासव होतं, तेही नोंदवलेलं. नाव शहजादी.

फोनवर काम झालं असतं, पण मुलगी न पाहता होकार देणं तातेरावांच्या तत्त्वात नव्हतं. ते भाचीला आणि बहिणीला घेऊन रीतसर बघायला गेले. इनायतच्या बायकोनं, कमरबीनं, चहा आणि खारी पुढं केली. शहजादी पत्र्याच्या पेटीमागून अर्धी बाहेर आली आणि तिथंच थांबली.

"वय?" तातेरावांनी विचारलं.

"नौ साल चालू है, मामू."

"स्वभाव?"

"बहुत गरीब. कोने में बैठती, किसी के लेने में न देने में."

"खाण्यापिण्याचं?"

"पूरा घास-पत्ता. अंडा भी नक्को उसको."

"शाकाहारी," तातेराव गोजरबाईंकडं वळून म्हणाले. "खानदान चांगलं आहे."

कमरबी आतापर्यंत गप्प होती. तिनं पदर सावरला. "इतवार बोले तो इतवार. रात को ठंड में बाहर नक्को छोड़ो. और बच्चे लोग पीठ पे बैठते, वो मना करना." मग ती दैवशालाला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमकू समझता, करके भेजरी. इन लोगों कू नै समझता." इन लोगों म्हणजे कोण हे तिनं डोळ्यांनी दाखवलं. त्यात तिचा नवराही होता.

शहजादी टेम्पोतून बदनापूरला आली तेव्हा गोजरबाई दारात ताट घेऊन उभ्या होत्या. औक्षण करायचं होतं, पण कपाळ सापडेना. ताट समोर येताच शहजादीनं मान आणि पुढचे पाय आत ओढून घेतले आणि दार लावून टाकलं.

"लाजली," गोजरबाई म्हणाल्या.

"हौ, शरम आती उसकू," इनायत म्हणाला.

"घाबरलंय ते," दैवशाला म्हणाली. पण तोवर पाठीवर कुंकू लागलं होतं.

अंगणात ठेवल्यावर भाऊसाहेब लांबून थबकले. मान वर झाली, खाली झाली, परत वर झाली.

"मान डोलावली!" तातेराव ओरडले. "पसंत आहे म्हणतंय!"

भाऊसाहेबांनी मान डोलावणं संपवलं, आणि त्यांच्या अंगात आहे याची कुणाला कल्पना नव्हती अशा वेगानं ते निघाले. आवाज असा झाला की कुणीतरी दोन दगडी पाटे एकमेकांवर आपटले. शहजादी वीतभर मागं सरकली. भाऊसाहेबांनी परत माघार घेतली, अंतर मोजल्यासारखं केलं आणि पुन्हा एक धडक दिली. गोजरबाईंनी धावत जाऊन मधे पाट घातला. तिसरी धडक पाटाला बसली.

"संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच," तातेराव म्हणाले आणि समाधानानं आष्टीची एसटी धरायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दैवशाला कामावर गेली आणि गोजरबाई घरात एकट्या उरल्या.

आष्टीच्या घरात अकरा माणसं. तिथं पहाटे पहिला चहा ठेवल्यापासून रात्री शेवटचं झाकण पालथं पडेपर्यंत 'आई' या शब्दापुढं काही ना काही यायचंच. आई, टॉवेल. आई, कोण आलंय बघा. आई, ह्याला भूक लागली. इथं दार लागल्यावर कुणी काही म्हणेना. गोजरबाईंना वाटलं आपल्याला ऐकू येणं बंद झालं. त्यांनी खात्री करायला भांडं आपटून पाहिलं. मग हात आखडता घेऊनही सवयीनं चौघांचा स्वयंपाक केला, वाट पाहिली, आणि कुणी जेवायला येईना तेव्हा उपाशीच बसल्या. दुपारी तातेरावांचा फोन आला.

"काय खबर, आक्का?"

"हे एका कोपऱ्यात, ती एका कोपऱ्यात. बोलत न्हाईत."

"नवीन आहे. नवीन असताना तू बी कुठं बोलत होतीस भाऊजींशी?"

हे खरं होतं. गोजरबाईंनी ते मान्य केलं आणि पाट मांडीवर घेऊन राखणीला बसल्या.

पण राखण करायची म्हणजे पाहावं लागतं, आणि पाहायला लागलं की दिसतं, ही तातेरावांच्या योजनेतली उणीव होती. त्या दिवसांत बदनापुरात थंडी बरी होती. ऊन शेजारच्या नव्या मजल्यावरून उशिरा उतरायचं आणि आधी पश्चिमेच्या भिंतीच्या बुडाशी पट्टा धरायचं. गोजरबाई पोतं घेऊन तिथं जाऊन बसल्या. पाहतात तर भाऊसाहेब पूर्वेची भिंत सोडून येत होते. न थांबता, न चुकता, सरळ त्या पट्ट्यात. आले, पाय पसरले, मान लांब केली आणि डोळे मिटले. ऊन सरकलं तसे सरकले. पोतंही सरकलं. बऱ्याच वेळानं भाऊसाहेब उठले, घासापाशी गेले आणि सगळा घास खाऊन टाकला. ऊन गेल्यावर, दैवशालानं उबेसाठी आत दिवा लावून ठेवलेल्या खोक्यात जाऊन पडले.

शहजादी आपल्या कोपऱ्यात होती. तिच्याकडं त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. एकदाच ती उठून त्याच उन्हाच्या पट्ट्यात आली, तेव्हा मात्र त्यांनी माघार घेतली, अंतर मोजलं, आणि गोजरबाईंना पाट घालावा लागला.

फोनवर त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं. "तात्या, यांचं भांडण उन्हावरून आहे."

"बराबर! नवराबायकोची भांडणं अशीच बारक्या गोष्टीवरून होतात. मुळात प्रेम असतं."

"ऊन नसल्यावर भांडत न्हाईत."

"बघ! किती गुण्यागोविंदानं राहतात!"

तातेरावांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या हातात पडलेली प्रत्येक गोष्ट होकारच असायची. मुलीनं मान खाली घातली तर लाजली, वर केली तर धीट आहे. मुलगा बोलला तर हुशार, गप्प राहिला तर संस्कारी. या पद्धतीनं त्यांनी गावंच्या गावं लावून दिली होती. कासव तर काहीच नव्हतं.

आठवडा सरत गेला. गोजरबाईंनी आता एकीचाच स्वयंपाक करायला सुरुवात केली होती. दुपारी भाकरी, ठेचा आणि कांदा घेऊन त्या अंगणात बसायच्या, भूक असेल तेव्हा, तव्यावरची गरम. गरम भाकरी त्यांनी आयुष्यात हजारो केल्या होत्या, खाल्ल्या फार थोड्या. एकदा जेवता जेवता सुनेचा, तृप्तीचा, फोन आला.

"आई, मेतकुटाचा डबा कुठंय?"

"वरच्या फळीवर, डाव्या हाताला."

"तिथं नाही दिसत."

"दिसंल," गोजरबाई म्हणाल्या आणि फोन पालथा घालून ठेवला. नंतर तो दोनदा थरथरला. त्यांनी कांदा फोडला.

संध्याकाळी दैवशाला यायची, पाय धुवायची, चहा घ्यायची आणि ओट्यावर बसायची. आधी गोजरबाईंना वाटायचं ही आता काहीतरी बोलेल, रडेल, निदान सुस्कारा टाकेल. त्यांनी सुस्काऱ्याची बरीच वाट पाहिली.

"तू रोज अशीच बसती?"

"हो."

"करती काय बसून?"

"बसते."

"कोणाशी बोलावं वाटत न्हाई?"

"दिवसभर बोलून आलेली असते आई. शनिवारी कमरबीकडं जाते कधी, कंपनीतल्या बायका येतात, तृप्ती फोन करते. मग बास होतं."

गोजरबाईंनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाल्या, "मी घरात एकटी अशी कव्हा राह्यलेच न्हाई. बाळंतपणात बी चौघी बसलेल्या असायच्या."

"मग कसं वाटतंय?"

"भाकरी गरम लागती," गोजरबाई म्हणाल्या. 

रविवारी सकाळी तातेराव आले. सोबत इनायत, शहजादीला न्यायला किंवा ठेवायला, जे ठरेल ते. तातेराव खुशीत होते. अंतरवाली सराटीच्या एका बिजवराला त्यांनी आधीच 'पुढच्या आठवड्यात मुलगी दाखवतो' असं सांगून ठेवलं होतं. घरी मोसंबीची बाग, पहिली बायको देवाघरी, एक मुलगी होस्टेलात. माणूस निर्व्यसनी. दैवशालाला हे त्यांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं.

"निकाल लागायचाय मामा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, पण ती बसली नाही. तिचं घर, तिचा ओटा, तिची संध्याकाळ, सगळं आता आईच्या तोंडून काय बाहेर पडतं यावर आलं होतं. आई इतक्या दिवसांत काय म्हणते, याचा तिनं एकदाही अंदाज घेतला नव्हता. तिचा स्वतःवर विश्वास होता. कासवावरही होता. आईबद्दल मात्र प्रयोगशाळेत काही चाचणी नव्हती.

"लागला म्हणूनच समज," तातेराव म्हणाले. "आक्का, सांग—"

अंगणातून तोच आवाज आला, पण या वेळी शेवटी काहीतरी पालथं पडल्याचा घसारा होता. सगळे धावले. ऊन पट्ट्यात उतरलं होतं. पट्ट्याच्या मधोमध भाऊसाहेब उभे होते आणि शहजादी त्यांच्यासमोर उताणी पडून चारही पाय हवेत मारत होती.

"लाडात आली," तातेराव म्हणाले.

"मामा, तसंच राहिलं तर गुदमरून मरेल ते!" दैवशालानं शहजादीच्या कडेला हात घातला, दुसऱ्या बाजूनं इनायतनं. सरळ करता करता ती थांबली. पोटाचं कवच सपाट नव्हतं. मधे वाटीसारखं आत गेलेलं होतं. तिनं शेपटी पाहिली. मग भाऊसाहेबांच्या शेपटीकडं पाहिलं.

"इनायतभाई, मादीचं पोट सपाट असतं. शेपूट आखूड असतं."

"फिर?"

"हा नर आहे."

इनायतनं शहजादीला जमिनीवर नीट ठेवलं, पाठीवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं, आणि तिच्याकडं, म्हणजे त्याच्याकडं, बराच वेळ पाहत राहिला.

"नौ साल से हम शहजादी बोलरे," तो म्हणाला. "कमरबी कू कौन बोलेगा?"

"तुम्हीच बोला, भाऊ. आम्ही मुलाकडचे," गोजरबाई म्हणाल्या.

तातेराव क्षणभर बसले. पण लग्नं जुळवणाऱ्या माणसाला जास्त वेळ बसता येत नाही. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा परत उजळला होता.

"मंग तर मिटलंच! दोन नवरदेव समोरासमोर उभे केल्यावर दुसरं काय होणार? हा आठवडा धरायचाच न्हाई. आता हैदराबादेहून खरी मुलगी आणू. पुन्हा आठ दिवस. आक्का, तू राह्यचं आणखी."

दैवशाला काहीतरी बोलणार होती. गोजरबाईंनी हातातला पाट भिंतीला उभा केला.

"तात्या, बस खाली."

तातेराव बसले. या स्वरात आक्कानं त्यांना शेवटचं खाली बसवलं होतं तेव्हा ते चौथीत होते.

"मी आठ दिवस बघून राह्यले. ते कोणाला शोधत न्हाई. ऊन शोधतं. ऊन आलं की खातं, ऊन गेलं की त्या दिव्याच्या खोक्यात जाऊन पडतं. समोरचं नर हाय का मादी, त्याला काय करायचं? त्याचं ऊन अडवलं म्हंजे झालं. तू हैदराबादेहून आण का लंकेहून आण."

"आक्का, तू माझ्या बाजूनं बघायला राह्यली होतीस."

"बघायला राह्यले होते. बघितलं."

"अगं पण कासवाचं सोड! माणसाचं वेगळं असतं!"

"इतके दिवस एकच होतं, आता वेगळं झालं व्हय? बरं. माणसाचं बी बघितलं." गोजरबाईंनी दैवशालाकडं पाहिलं नाही. "ही सकाळी जाती. संध्याकाळी येती. चहा पिती. बसती. मी शोधलं, तात्या. तिच्या तोंडावर शोधलं, ती नसताना कपाटात बी शोधलं. दुःख काय सापडलं न्हाई."

"कपाटात?" दैवशाला म्हणाली.

"तू गप."

"म्हातारपणी कोण बघंल हिला?" तातेरावांचा हा शेवटचा पत्ता होता, आणि खरं सांगायचं तर तो हलका नव्हता.

"माझ्या म्हातारपणात घरात अकरा माणसं हायेत," गोजरबाई म्हणाल्या. "माझा चष्मा मलाच शोधावा लागतो."

"आणि मामा," दैवशाला आता खाली बसली, त्यांच्या समोर, "एकटी राहते म्हणजे तुटून राहते असं नाही. दुखलं-खुपलं तर मी फोन करीन, तुम्ही याल. तुमचं दुखलं तर मी येईन. तुम्ही कधीही या. चहा घ्या. तिळगूळ द्या. आणि जा."

"जा," गोजरबाईंनी री ओढली. त्यांना तो शब्द आवडलेला दिसला.

इनायत आपण मधे काही बोलू नये म्हणून शहजादीच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता. भाऊसाहेब उन्हाच्या पट्ट्यात पाय पसरून पडले होते. त्यांच्या दृष्टीनं विषय केव्हाच संपला होता.

तातेरावांच्या धंद्यात भांडवल नसतं. शब्द असतो. दिलेला शब्द एकदा मोडला, की दुसऱ्या दिवशी परतूरच्या बाजारात त्यांच्याकडून कुणी मुलगीच काय, कोंबडीसुद्धा बघायला आलं नसतं. हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"बंद म्हंजे बिलकुल बंद?"

"बिलकुल," दैवशाला म्हणाली.

"भागवतनं विषय काढला तर?"

"मी हाय ना तिथं," गोजरबाई म्हणाल्या. "उद्या जाते."

"आज जायचं ठरलं होतं," तातेराव म्हणाले.

"उद्या. ही कामावर गेल्यावर निघंन. जरा उशिरानं."

दैवशालानं आईकडं पाहिलं आणि ओठ दाबून धरले. उद्याचा दिवस आईला कशासाठी हवाय ते तिला कळलं होतं. तिच्या सोबतीसाठी नव्हे, एवढं नक्की.

मग तातेरावांनी फोन काढला आणि सगळ्यांसमोर अंतरवाली सराटीला लावला. पाठीमागं बोलायचं नाही हाही त्यांचा नियम होता.

"हां, रामराम. मी तातेराव. ते आपलं पुढच्या आठवड्याचं... न्हाई, रद्द करावं लागतंय... न्हाई न्हाई, तब्येत एकदम बरी आहे मुलीची... न्हाई, दुसरीकडं बी ठरलं न्हाई... पत्रिका तर जुळत होती हो." ते थांबले. तिकडून कारण विचारलं जात होतं. लग्न न होण्याची सगळी कारणं तातेरावांना पाठ होती, गोत्रापासून गुंठ्यांपर्यंत. त्यांनी ती मनात एकदा चाळून पाहिली. एकही बसेना. "कारण असं... मुलगी मजेत आहे."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मजेत. म-जे-त. हां. एकटीच. न्हाई, तेच कारण."

फोन ठेवल्यावर त्यांनी टोपी परत काढून हातात घेतली. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच गेलं होतं, आणि तेही दोनदा सांगावं लागलं होतं.

"आक्का, जरा चहा टाक बरं."

गोजरबाईंनी पोतं उन्हात सरकवलं आणि पाय लांब केले.

"पातेलं खालच्या फळीवर हाय," त्या म्हणाल्या. "साखर कमी टाक, मला बी लागंल."